मळीच्या रानातली माती तपासताना: आधी थर, मग फूटपट्टी

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी भागात पावसाळ्याच्या बातम्या ठरलेल्या असतात. जत्राट-भिवशी पूल पाण्याखाली, कारदगा-भोज पूल पाण्याखाली, यडूर-कल्लोळ पूल पाण्याखाली. आठ-पंधरा दिवसांनी पाणी ओसरतं, बातम्या थांबतात आणि नदीकाठचा शेतकरी रानात उतरून पहिलं काम करतो ते पायाने माती उकरून बघण्याचं. यंदा काय आलं, पोयटा म्हणजे बारीक मऊ गाळ, की वाळू?

सवय चांगलीच आहे, पण ती टाचेपाशी थांबते. उसाची मुळं हात-दोन हात खाली जातात आणि तिथं काय आहे हे बहुतेकांनी विहीर खणतानाच काय ते पाहिलेलं असतं. नोकरीबरोबर किंवा नोकरी सोडून वडिलांचं रान हातात घेतलंय, माती परीक्षण कधी केलेलं नाही, किंवा केलंय पण आलेला कागद कळला नाही, अशांसाठी हे लिहितोय. विषय सूक्ष्म अन्नद्रव्यांचा आहे: जस्त, लोह, मँगनीज, तांबे आणि बोरॉन. ती नदीकाठच्या जमिनीत कुठल्या खोलीवर किती मिळतात हे कसं तपासायचं, एवढंच.

इथं मळी म्हणजे पुराच्या गाळाने बनलेली नदीकाठची जमीन. कारखान्याची मळी वेगळी. फोनवर "मळीचा नमुना आणतो" म्हटल्यावर समोरच्याने भलतंच समजल्याचा अनुभव मला आहे.

असणं वेगळं, मिळणं वेगळं

कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा सह्याद्रीतून येतात आणि तिथला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट झिजवून आणतात. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असतं. शंभर किलो काळ्या मातीत चार-पाच किलो लोह सहज निघेल. पिकाला मात्र त्यातलं किती घेता येतं? तपासणीत ज्या आकड्याखाली लोह "कमी" धरतात तो आकडा आहे ४.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख किलो मातीत साडेचार किलो. साडेचार टक्के म्हणजे ४५,००० पीपीएम. मातीत दहा हजार पट लोह पडून असतं आणि तरी उसाला केवडा पडतो, म्हणजे लोहाअभावी नवी पानं पिवळी पडतात, ती अशी.

हे लोह अडवून धरणारे दोन मुख्य गडी आहेत, सामू (मातीचा आम्ल-अल्कपणा, पीएच) आणि चुना. सामू एकाने चढला की मातीतल्या पाण्यात विरघळलेलं जस्त साधारण शंभर पटीने घटतं, आणि हवेशीर जमिनीत लोहाचा हिशोब हजार पटीपर्यंत जातो. सोडवणारा गडी सेंद्रिय पदार्थ. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली आम्लं जस्त-लोहाला धरून विरघळलेलं ठेवतात.

आता हे खोलीला लावून बघा. सेंद्रिय पदार्थ वर जास्त, खाली कमी. चुना पाण्याबरोबर खाली उतरून साठतो, म्हणून काळ्या जमिनीत सामू खाली चढत जातो. शिवाय मुळं खालून जे उचलतात ते पाला होऊन वरच पडतं. त्यामुळे उपलब्ध जस्त, लोह, मँगनीज, तांबे वरून खाली कमी होत जाणं हा सर्वसाधारण नियम आहे. माळावरच्या जमिनीत तो बहुतेक वेळा पाळला जातो.

मळीच्या रानात तो मोडतो. कारण इथं जमीन जागेवर तयार झालेली नाही, पुरापुराने येऊन बसलेली आहे. आज जो थर दोन फुटांवर आहे तो कधीकाळी वरची जमीन होती. त्यावर पीक होतं, शेणखत पडलं होतं. मग एका पुराने त्यावर वाळू टाकली, पुढच्याने पोयटा. असा गाडला गेलेला जुना पृष्ठभाग खाली सेंद्रिय कर्ब आणि जस्त धरून बसलेला सापडतो. मृदाशास्त्रात गाळाच्या जमिनीची ओळख म्हणून हेच लक्षण बघतात: सेंद्रिय कर्ब खाली जाताना सरळ उतरत नाही, मधेच उसळी मारतो.

म्हणून नुसती टेप लावून ०-१५, १५-३० सेंटिमीटर असे नमुने काढले, तर अर्धी वाळू अर्धा पोयटा अशी खिचडी प्रयोगशाळेत जाते. येणारा आकडा त्या रानातल्या कुठल्याच थराचा नसतो.

रान आधी डोळ्यांनी वाटून घ्या

नदीचं पाणी काठावरून बाहेर पडलं की त्याचा वेग मोडतो. जड वाळू काठालाच पडते, पोयटा थोडा आत, आणि सगळ्यात बारीक चिकणमाती लांब खोलगटात, जिथं पाणी कितीतरी दिवस तुंबून असतं. त्यामुळे नदीपासून आत जाणारं एकच लांब रान असेल तर त्यात किमान तीन जमिनी आहेत असं धरून चाला. काठाची उंचवट्याची वाळूमिश्रित, मधली पोयट्याची, आणि आतली काळी चिकण. सदलगा, बोरगाव, मांजरी, कुडची, उगार, कुठंही काठाने चाललात तर हे पायाला कळतं.

सरकारी कार्डाची अडचण इथंच आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायतीसाठी अडीच हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घेतात. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकरांच्या आसपास. माळावर चालून जातं. मळीत तेवढ्या जागेत तीनही जमिनी येतात, आणि नमुना तुमच्या रानातला आहे की शेजाऱ्याच्या, तेही नक्की नाही. कार्ड फेकून देऊ नका, पण त्यावर विसंबूनही राहू नका.

कागदावर रानाचा कच्चा आराखडा काढा. नदी कुठल्या बाजूला, पाणी कुठून शिरतं, कुठं शेवटपर्यंत तुंबतं, ऊस कुठं दरवर्षी पिवळा पडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारा. आमचे आबा २००५ आणि २०१९ च्या पुराच्या रेषा बांधावर उभे राहून बोटाने दाखवायचे, आणि "हितली माती आमच्या बाच्या वक्ताला नव्हती" असं सांगायचे. हे कुठल्या नकाशात मिळत नाही. आणखी एक विचारा: वीटभट्टीला माती कधी दिली होती का? दिली असेल तर तो तुकडा वेगळा धरायचा, कारण तिथं वरची जमीनच गेलेली असते. सपाटीकरण झालं असेल तर कुठं कापलं नि कुठं भरलं, तेही लिहून घ्या.

हत्यारं, भांडी आणि माझी फजिती

नत्र-स्फुरद-पालाश तपासताना भांड्याकडे फारसं लक्ष दिलं नाही तरी निभावतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांत निभावत नाही. आपण एका पीपीएमचा अंश शोधतोय, आणि घरातल्या निम्म्या वस्तूंवर जस्ताचा मुलामा आहे.

पहिल्या वर्षी मी नमुने घराच्या पत्र्यावर वाळत टाकले. रिपोर्टात जस्त इतकं आलं की मी खूश होऊन झिंक सल्फेटचा खर्च वाचवला. त्या वर्षी मक्याची कोवळी पानं पांढुरकी पडली. पुढच्या वर्षी स्वच्छ सुती कापडावर सावलीत वाळवलेल्या मातीत जस्त मर्यादेच्या खाली निघालं. माती तीच होती.

तर लोखंडी पत्रा, जस्ताची बादली, जुनं घमेलं, रबरी टोपली, पितळी चाळण, खताची रिकामी पोती, यातलं काहीही नको. वर्तमानपत्रही टाळा. प्लास्टिकची स्वच्छ बादली, स्टीलची खुरपी किंवा लाकडी पट्टी, सुती कापड आणि नव्या प्लास्टिक पिशव्या घ्या. खड्डा खणायला कुदळ-खोरं लागणारच. त्याने खणा, पण ज्या भिंतीतून नमुना घ्यायचा तिचा कुदळ लागलेला पापुद्रा स्टीलच्या खुरपीने किंवा लाकडाने तासून काढा आणि आतली माती घ्या. खोलीसाठी गिरमिट, म्हणजे फिरवून खालची माती वर काढायचं हत्यार, मिळालं तर उत्तम. गंजलेलं असेल तर आधी घासून दोन-चार भोकं पाडून ती माती फेकून द्या.

कधी जायचं

पाणी ओसरल्या ओसरल्या नको. जमीन पाण्याखाली असताना हवा संपते, आणि आधी मँगनीज, मग लोह विरघळणाऱ्या रूपात येतं. तेव्हाचा आकडा फुगलेला असतो. हवा लागली की तेच लोह पुन्हा गंजून बसतं. जस्ताचं उलटं आहे: पाणी साचून राहिलं की त्याची उपलब्धता बहुधा घटते. वाफसा यावा, त्यावर आणखी काही आठवडे जावेत. ऊस तुटून गेल्यावर आणि पुढचं खत टाकायच्या आधी हा सगळ्यात सोयीचा मोका. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं खत किंवा शेणखत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील तर थांबा. आणि एकदा महिना ठरला की दर वेळी तोच ठेवा, नाहीतर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

खड्डा: इथं वेळ द्या

प्रत्येक तुकड्यात एक खड्डा. लांबी-रुंदी-खोली एकेक मीटर पुरते. काठच्या वाळूच्या जमिनीत भिंत ढासळते, म्हणून कमरेपेक्षा खोल उतरू नका आणि एकट्याने तर नकोच. त्याखालचं बघायचं असेल तर तळातून गिरमिट घाला. एक भिंत अशी ठेवा की तिच्यावर ऊन पडेल. त्या बाजूला काठावर कोणी उभं राहायचं नाही आणि खणलेली माती त्या बाजूला टाकायची नाही.

भिंत तासून झाली की नमुना लगेच घेऊ नका. बसून बघा. वरून खाली खुरपीचं टोक हलकेच ओढत न्या. हाताला कळतं: इथं भुसभुशीत, इथं खरखर, इथं टोक अडलं. जिथं बदल होतो तिथं काडी टोचा.

मग एकेका थराची माती हातात घ्या, थोडं पाणी घालून मळा. गोळीच होत नसेल तर वाळू. गोळी होते पण बोटांत दाबून पट्टी काढायला गेलं की तुटते, आणि पिठासारखी मऊ लागते, तो पोयटा. लांब चकाकती पट्टी निघाली तर चिकण. वाळूच्या थरात सूक्ष्म अन्नद्रव्यं धरून ठेवायला जागाच नसते, चिकणमातीत ती असते, त्यामुळे नुसत्या या चाचणीवरून निम्मा रिपोर्ट आधीच कळतो.

रंगही बघा. गंजासारखे तांबूस ठिपके दिसले तर तिथं पाणी चढतं-उतरतं. काळे, छर्‍यासारखे बारीक खडे असतील तर ते बहुधा मँगनीज आणि लोहाचे, तेही त्याच कारणाने. निळसर-राखाडी माती म्हणजे तिथं बराच काळ हवाच नाही. आणि मधेच एखादा काळपट पट्टा दिसला, त्यात जुनी मुळं, कोळशाचा कण, खापराचा तुकडा सापडला, तर तो गाडला गेलेला जुना पृष्ठभाग. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा खड्ड्यातून वर यावंसं वाटेना.

चुन्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर घेऊन जा. थरावर चार थेंब टाका आणि कान जवळ न्या. चुरचुर ऐकू आली, बारीक बुडबुडे दिसले, तर चुनखडी आहे. किती खोलीवर सुरुवात होते ते लिहून ठेवा. केवड्याचं मूळ पुष्कळदा याच रेषेत असतं.

नमुने खालून वर

नेहमीच्या खोल्या चार धरा: ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर. पण काडी टोचलेली रेषा मधे आली की तिथंच तोडा. वरची पुराची वाळू ११ सेंटिमीटरला संपत असेल तर पहिला नमुना ०-११ आणि दुसरा ११-३०. पिशवीवर तसंच लिहा. बोटभर जाडीची वाळूची रेघ मात्र स्वतंत्र नमुन्याच्या लायकीची नाही, वहीत तिची नोंद करा आणि पुढं चला.

सुरुवात सगळ्यात खालच्या थरापासून. वरून सुरू केलं तर वरची माती खालच्या थरांवर सांडत राहते. प्रत्येक थराच्या पूर्ण जाडीतून सारखी माती खरवडा, मधल्या एका ठिकाणची मूठ नको. बादली दर वेळी पुसायची.

एका खड्ड्यावर तुकड्याचा निकाल लावू नये. खड्ड्याने थर दाखवले, आता वरच्या थरासाठी नागमोडी चालत आठ-दहा जागांहून माती घ्या आणि एकत्र करा. खालच्या थरांसाठी गिरमिटाने तीन-चार जागा पुरे. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, पाचट जाळलेली जागा, लोखंडी पाइप किंवा खांबाच्या आसपास, उसाच्या सरीत खत पडलेला पट्टा, हे सगळं टाळा. एकत्र केलेली माती कापडावर पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळून पुन्हा तसंच, अर्धा किलो राहीपर्यंत.

वाळवायची सावलीत. उन्हात किंवा चुलीजवळ तापवलं तर लोह-मँगनीजचा आकडा खोटा चढतो. ढेकळं लाकडी मोगरीने फोडा.

पिशवीत एक आणि बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या: सर्व्हे नंबर, तुकडा, खोली, तारीख, मागचं पीक. पेन्सिलने लिहा, शाई ओलीत उतरते. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर कन्नडमधूनही लिहून घेतलेला बरा, काउंटरवर काम लवकर होतं.

कुठं द्यायचं, काय मागायचं

पहिली चौकशी होबळीच्या (तालुक्याखालचा गावांचा गट) रयत संपर्क केंद्रात. मत्तीकोप आणि तुक्कानट्टी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धारवाडला कृषी विज्ञान विद्यापीठ. बऱ्याच साखर कारखान्यांकडेही माती तपासतात. जाताना स्पष्ट सांगा: "सूक्ष्म अन्नद्रव्यं डीटीपीए पद्धतीने, बोरॉन गरम पाण्याने काढून, सोबत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना." डीटीपीए हे पिकाला मिळण्याजोगी द्रव्यं मातीतून काढून घेणारं रसायन. मुक्त चुना आपणहून मागावा लागतो, तो कार्डावरच्या बारा तपासण्यांत नाही. पैसे कमी असतील तर खालच्या थरांचा सामू, चुना, सेंद्रिय कर्ब आणि जस्त-लोह एवढंच करा. सगळ्या थरांचं सगळं तपासण्याची गरज पहिल्याच वर्षी नसते.

कार्ड कन्नडमध्ये आलं तर घाबरू नका. रससार म्हणजे सामू. सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब. सारजनक नत्र, रंजक स्फुरद. गंधक आणि ताम्र आपलेच. सतु म्हणजे जस्त. कब्बिण म्हणजे लोह. आपल्याकडे कब्बू म्हणजे ऊस हे पोरासोरांना माहीत असतं, त्यामुळे "कब्बिण कमी" वाचून ऊस कमी येणार असं समजलेले एकजण मला भेटलेत. अर्थात केवडा पडला तर तेही खरंच. कडिमे म्हणजे कमी, हेच्चु म्हणजे जास्त, कोरते म्हणजे कमतरता.

आकडे वाचताना

वरच्या थरासाठी सर्वसाधारण मर्यादा अशा: जस्त ०.६, लोह ४.५, मँगनीज २, तांबे ०.२, बोरॉन ०.५ पीपीएम. याखाली गेलं तर कमतरता. प्रयोगशाळेने कागदावर वेगळी मर्यादा छापली असेल तर तीच धरा, कारण पद्धत त्यांची आहे. एक एकराचा १५ सेंटिमीटरचा थर आठ-नऊ लाख किलो भरतो, म्हणजे ०.६ पीपीएम जस्त म्हणजे एकरात जेमतेम अर्धा किलो. पत्र्याच्या चिमूटभर गंजाने आकडा का बिघडतो ते यावरून कळेल.

या मर्यादा वरच्या थरावर, पिकाचा प्रतिसाद बघून ठरलेल्या आहेत. ३०-६० च्या थरात जस्त ०.४ आलं म्हणून तिथं खत कसं पोचवायचं, या चिंतेत पडू नका. मात्रा वरच्या थरावरून ठरते. खालचे थर कारण सांगतात. उदाहरणं घेऊ.

समजा वरच्या ११ सेंटिमीटरात वाळू आहे, जस्त ०.३. त्याखालच्या काळपट पोयट्यात जस्त ०.९ आणि कर्बही चांगला. नुसतं वर तपासणारा म्हणेल जमीन संपली. खरं म्हणजे तुमची जुनी जमीन अर्धी वीत खाली शाबूत आहे. वाळू पातळ असेल तर नांगरटीने खालचं वर मिसळा, शेणखत किंवा ताग-धैंच्याचा बिवड द्या, आणि मुळं खाली पोचेपर्यंत कोवळ्या पिकाला फवारणीने सांभाळा. वाळू हातभर असेल तर हे जमत नाही, तिथं आधी वाळू काढण्याचाच हिशोब मांडावा लागतो.

दुसरं, वर सगळं ठीक, पण ४० सेंटिमीटरपासून चुनखडी आणि सामू ८.५ च्या घरात. या रानाला सपाटीकरण आणि खोल पलटी नांगरट विष आहे. जिथं कापलं जाईल तिथं चुन्याचा थर उघडा पडतो, आणि दुसऱ्या वर्षी नेमक्या त्याच चौकोनात सोयाबीन पिवळं, उसाला केवडा. ठिबकसाठी रान सारखं करून घ्यायची घाई आपल्याकडे चालू आहे. मशीन बोलवायच्या आधी एक खड्डा काढून लिंबू पिळायला दहा मिनिटं लागतात.

तिसरं उदाहरण फसवं. ६०-९० मध्ये लोह आणि मँगनीज वरच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि माती राखाडी, तांबूस ठिपक्यांची. हे धन नव्हे. तिथं पाणी तुंबतंय, मुळं गुदमरतायत. खर्च चर काढण्यावर करा, पुडीवर नको.

चौथी गोष्ट रिपोर्टात दिसतच नाही. पुरात बुडालेल्या किंवा पूर्ण पडीक राहिलेल्या रानात मुळांसोबत राहणारी मायकोरायझा बुरशी कमी होते, आणि ही बुरशीच मक्यासारख्या पिकाला जस्त-स्फुरद आणून देते. आकडे ठीक असूनही पुरानंतरचा पहिला मका रुसतो, त्यामागे हेही असू शकतं. एका पिकानंतर गाडी रुळावर येते.

खानापूर बाजूचे आणि मार्कंडेयकाठचे वाचक म्हणतील, आमचं काय? तिकडे पाऊस जास्त, चुना धुऊन गेलेला, जमीन तांबडी, सामू बऱ्याच ठिकाणी सातच्या खाली. तिथं लोह-मँगनीजची ओरड सहसा नसते, काळजी बोरॉनची घ्या. बोरॉन पाण्याबरोबर वाहतं, हलक्या जमिनीतून खाली निघून जातं, त्यामुळे त्याचा आकडा वरच्यापेक्षा खालच्या चिकण थरात जास्त दिसू शकतो. अथणी-रायबागकडच्या क्षारपड तुकड्यांत उलटं, ते साठलेलं असू शकतं. कमी आणि जादा यातलं अंतर बोरॉनमध्ये फार थोडं असतं. रिपोर्टाशिवाय टाकणखार (बोरॅक्स, बोरॉनचं खत) टाकू नका.

औषधापुरतं

जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट ही सर्वसाधारण शिफारस. त्यात २१ टक्के जस्त, म्हणजे दोन किलोच्या आसपास. शेणखतात मुरवून द्या, डीएपी-सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून देऊ नका, जस्त-स्फुरद एकमेकांना धरून बसतात. एकदा दिलेलं दोन-तीन हंगाम पुरतं, त्यामुळे दरवर्षी पोतं आणणं म्हणजे दुकानदाराची सोय.

लोहाचं तसं नाही. चुन्याच्या जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसती फेकली तर ती पाहता पाहता गंज होऊन बसते. शेणखतात आठ-पंधरा दिवस मुरवलेली हिराकस सरीत द्या, किंवा अर्धा ते एक टक्का द्रावणाची फवारणी थोडं सायट्रिक आम्ल घालून, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. केवडा नव्या पानांवर दिसतो, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. जुनी पानं पिवळी पडत असतील तर ते बहुधा नत्राचं दुखणं, तिथं हिराकस काही करणार नाही.

खड्डा बुजवताना

काढलेली माती थरानुसार वेगळी ढिगाऱ्यात ठेवा आणि खालची खाली, वरची वर अशी भरा, प्रत्येक थर पायाने दाबत. पोकळ भरलेल्या जागी पहिल्या पाण्यालाच ट्रॅक्टरचं चाक रुततं.

जागेची नोंद बांधावरच्या दगडावरून ठेवू नका, पुरात दगड सरकतो. विहिरीच्या कठड्यापासून किंवा विजेच्या खांबापासून पावलं मोजून वहीत लिहा, मोबाइलवर ठिकाण जतन करा. पुढचा मोठा पूर येऊन गेला की त्याच जागेपासून दोन पावलं बाजूला नवा खड्डा घ्यायचा, आणि आधी मोजायचं ते यंदाच्या थराची जाडी.